दारापर्यंतची लिफ्ट

आमच्या ह्यांचा खुबा एका कलिंगडापायी मोडला. डांगे चौकातून भलंमोठं कलिंगड खांद्यावर घेऊन हे जिना चढत होते आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय सटकला. आवाज ऐकून मी धावत खाली गेले, तर हे पायऱ्यांवर आडवे, चेहरा पांढराफटक आणि कलिंगड छातीशी घट्ट धरलेलं. मला बघून म्हणाले, "फुटलं नाही गं." आता अशा माणसापुढे कपाळावर हात मारून घ्यायचा की रडायचं? पिंपरीच्या महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, अगदी छान झालं. कलिंगड शेजाऱ्यांनी खाल्लं. गोड निघालं म्हणे.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "काका, सपाट जागेवर काठी घेऊन कितीही चाला. जिना मात्र विसरा. तुमचा दुसरा गुडघा आधीच झिजलाय." हे ऐकायला बरं वाटतं, पण आमचं घर थेरगावात, चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. घर घेतलं तेव्हा आम्ही तरुण होतो. वर वारा चांगला येतो, डोक्यावर कुणाचे पाटे-वरवंटे वाजत नाहीत, एवढंच बघितलं. त्या वयात गुडघ्यांचा विचार कोण करतं?

आमचे हे मूळचे बार्शीकडचे. सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात रंगखात्यात केली. निवृत्त झाल्यावर ह्यांचा खरा संसार रस्त्याशी होता. सकाळी दुधाला म्हणून जायचे, मग कोपऱ्यावरचा चहा, मग पेपर, मग भाजी, मग भाजीवाल्याशी वाद, मग त्याच भाजीवाल्याबरोबर आणखी एक चहा. जेवायला तेवढे घरी यायचे. मी म्हणायची, "घराच्या दारावर खाणावळ म्हणून पाटी लावते." तर असा माणूस आता वर अडकला.

पहिल्या तपासणीला ह्यांना खाली न्यायचं होतं. बिल्डिंगमधल्या चार पोरांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. पोरं गुणाची, अगदी जपून नेत होती. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी गमतीनं "मोरया!" म्हणून आरोळी दिली. सगळे हसले, हेही हसले. परत वर आणून ठेवल्यावर, पोरं गेल्यावर, हे भिंतीकडे बघत म्हणाले, "पुन्हा मला असं उचलून न्यायचं नाही. पुढच्या वेळी मी माझ्या पायांनी जाईन, नाहीतर जाणारच नाही." मला वाटलं, रागात बोलले असतील, दोन दिवसांनी विसरतील. पण हट्टाला पेटले की आमचे हे कुणाचे नाहीत. पुढच्या तपासणीला गेलेच नाहीत. व्यायाम शिकवणारी मुलगी घरी यायला लागली, डॉक्टर फोनवर बोलायचे, आणि हे गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे.

तळमजल्यावर ह्यांचे एक दोस्त राहतात. ही बिल्डिंग ज्या शेतात उभी राहिली ते शेत त्यांच्या घरचं, म्हणजे गावचे जुने लोक. त्यांचेही गुडघे गेलेले, त्यामुळे ते वर येऊ शकत नव्हते आणि हे खाली जाऊ शकत नव्हते. मग ते अंगणात खाट टाकून वर बघत ओरडायचे, "ओ भाऊ, हाय का न्हाई?" आणि हे वरून ओरडायचे, "जातोय कुठं?" राजकारण, भाजीचे भाव, कुणाच्या पोराचं लग्न, सगळं चार मजल्यांच्या अंतरावरून चालायचं. मधल्या मजल्यांवरच्या लोकांना फुकटात बातम्या मिळायच्या.

सोसायटीनं लिफ्ट बसवायचं ठरवलं ते अशा दिवसांत. एका इंजिनिअरनं इमारत तपासून दिली. लिफ्टचा मनोरा बाहेरून उभा करता येईल म्हणाला. आता प्रश्न उरला तो काम कुणाकडून आणि कसं करून घ्यायचं याचा, आणि इथेच खरी मजा सुरू झाली. आमच्या या पट्ट्यात, चिंचवडपासून चाकणपर्यंत, ज्याच्या ओळखीत एकही फॅब्रिकेटर नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. व्हॉट्सॲपवर विषय निघाला आणि तासाभरात जो तो आपला माणूस घेऊन पुढे आला. कुणाचा साडू महाळुंग्यात शेड उभारायचा, कुणाचा मेहुणा भोसरीत क्रेनची कामं घ्यायचा. एकानं तर ज्या माणसाचा नंबर पाठवला तो गेटची ग्रिल बनवणारा निघाला. "लोखंडच आहे ना शेवटी," म्हणे.

मी बाई आयुष्यभर चाकणच्या एका कंपनीत खरेदी खात्यात काम केलं. कोटेशन मागवणं, उघडणं, भांडणं, पुन्हा भांडणं, हाच धंदा. माझी बोटं नुसती शिवशिवत होती. पण आमचे चेअरमन पहिल्याच दिवशी जिन्यात भेटून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. हा तुमच्या घरचाच विषय आहे. सगळ्यात जास्त गरज तुम्हाला. तेव्हा तुम्ही यात न पडलेलं बरं." चेअरमन दुसऱ्या एका कंपनीत कॉस्टिंगला होते. नेक माणूस, पण आकड्यांपलीकडे जग आहे हे त्यांना पटत नाही. ते म्हणाले ते मला पटलं, खोटं कशाला बोलू? आमच्या कंपनीतही नातेवाइकाची फर्म स्पर्धेत असली की त्या माणसानं खोलीबाहेर जायचं असा नियम होता. मी "बरं" म्हणाले आणि वर आले. पटलं खरं, पण झोंबलंही.

मग एके दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. बंद पाकिटात दर मागवत आहोत, काम: इमारतीस लिफ्ट बसवून देणे. बस्स. पुढे काही नाही. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे बाबांनो, लिफ्ट थांबणार कुठे ते तरी लिहा!

ते असं आहे. आमच्या जिन्याच्या बाजूनं मनोरा बांधला तर काम सोपं आणि स्वस्त, पण त्या बाजूला फक्त जिन्याची वळणं येतात. म्हणजे लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबणार आणि तिथून अर्धा जिना चढून घर गाठायचं. दारापर्यंत जायचं असेल तर मनोरा पलीकडच्या बाजूला, पॅसेजच्या टोकाला उभा करावा लागतो आणि प्रत्येक मजल्यावर छोटासा पूल काढावा लागतो. दोन्ही कामं वेगळी, लिफ्टखालचा खड्डा वेगळा, खर्च वेगळा. कागदावर मात्र दोन्हींचं नाव एकच.

मी चेअरमनांना जिन्यातच गाठलं. ते म्हणाले, "वहिनी, अर्धा जिना म्हणजे काय हो, मूठभर पायऱ्या!"

"ह्यांना त्या मूठभर पायऱ्या म्हणजे सगळा जिनाच आहे," मी म्हणाले.

"बघा, हेच म्हणतो मी. तुम्ही तुमच्या घरचं बघताय."

मी तरातरा जिना चढले. वर आल्यावर भांडी अशी आपटली की हे म्हणाले, "भांड्यांचं टेंडर काढलंयस का?"

पाकिटं उघडायची सभा खाली पार्किंगमध्ये भरली. गणपतीच्या मंडळाचं टेबल, त्यावर तीन पाकिटं, आणि चेअरमनांचा लॅपटॉप भिंतीवर उजेड पाडत होता. मी मागच्या रांगेत, तोंड शिवून. चेअरमनांनी तुलनेचा तक्ता केला होता आणि त्यात कॉस्टिंगचा जन्मभराचा अनुभव ओतला होता. खड्ड्याचा सगळ्यात कमी दर कुणाचा, सांगाड्याचा कुणाचा, लिफ्टचा कुणाचा, दरवाजांचा कुणाचा. प्रत्येक ओळीत जो कमी तो हिरवा. आणि शेवटी सगळ्या हिरव्यांची बेरीज. पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. "खड्डा आणि सांगाडा पहिल्याकडून, लिफ्ट आणि दरवाजे दुसऱ्याकडून, काच तिसऱ्याकडून," चेअरमन म्हणाले, "आणि सगळं सगळ्यात स्वस्त."

ही आमच्या पट्ट्याची खोडच आहे. सगळी बिल्डिंग कंपनीतली माणसं, प्रत्येकाला वाटलं हेच शहाणपण. कंपनीत आम्ही असंच करायचो. एकाचा दर दुसऱ्याला दाखवायचा, दुसऱ्याचा पहिल्याला, आणि ज्याचं जे स्वस्त ते त्याच्याकडून उचलायचं. पुरवठादार मनातल्या मनात शिव्या देत सोसायचे, कारण पुढच्या महिन्यात पुन्हा ऑर्डर असायची. इथे कसली पुढची ऑर्डर? आयुष्यात एक लिफ्ट घेणार आम्ही.

पण मला हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. पहिल्या ठेकेदारानं मनोरा धरला होता जिन्याच्या बाजूला. दुसऱ्यानं लिफ्ट धरली होती पॅसेजच्या बाजूला. म्हणजे आमच्या हिरव्या तक्त्याप्रमाणे मनोरा इमारतीच्या एका अंगाला आणि लिफ्ट दुसऱ्या अंगाला! मी फस्सकन हसले. मग राहवेना, उठून म्हणाले, "चेअरमनसाहेब, ही लिफ्ट मनोऱ्यात चढणार कशी? दोघं दोन बाजूंना आहेत."

"वहिनी, प्लीज," चेअरमन हात जोडून म्हणाले. "आपलं ठरलंय ना?"

दोनचार माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली, जसं काही मी रांगेत घुसले होते. मी बसले. ठराव मंजूर झाला, पेढे वाटले. मी पेढा घेतला नाही.

पुढचं सांगायलाच नको. पहिल्यानं फोन उचलणं बंद केलं. तिसऱ्यानं व्हॉट्सॲपवर नुसते जोडलेले हात पाठवले. दुसरा निदान बोलला. चेअरमनांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, समोर अख्खी कमिटी. तो म्हणाला, "साहेब, त्यांचा टॉवर जिन्याकडे, आमची लिफ्ट पॅसेजकडे. मधे काय झोका बांधू का?" कमिटीतल्या एकानं हे मला जसंच्या तसं सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. मग घरात गेले आणि ह्यांच्याकडे बघून हसू विरलं. काम पुन्हा शून्यावर आलं होतं.

ह्यांनी काही चिडचिड केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. चहा पिऊन झाल्यावर शांतपणे म्हणाले, "गॅलरीतली खुर्ची आत घे. ऊन लागतं." थंडीचे दिवस, कसलं आलंय ऊन? मी खुर्ची आत घेतली. त्यानंतर खालून हाक यायची, "ओ भाऊ, हाय का न्हाई?" आणि हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ते दोस्त मला गेटपाशी भेटले. म्हणाले, "वैनी, भाऊंचं बरं हाय ना? आवाज न्हाई आला." मी म्हणाले, "बरं आहे." आणि जिन्याकडे वळले. हा माणूस हळूहळू त्या खोलीएवढा होऊन बसेल, अशी भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली. मोडलेला खुबा परवडला, पण हे असं गप्प बसणं बघवत नव्हतं.

पुन्हा सभा लावली. या वेळी अंगणात, आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली. सगळे कंटाळलेले. चेअरमन म्हणाले, "जाऊ द्या, जिन्याच्या बाजूची लिफ्ट घेऊ, सगळ्यात सोपं काम, एकालाच देऊन टाकू." माना डोलायला लागल्या. मी मागे उभी होते, पदर बोटाला गुंडाळून. बोलावं तर स्वार्थी, न बोलावं तर नवरा कायमचा वर.

तेवढ्यात वरून आवाज आला. "चेअरमन!"

सगळ्यांनी माना वर केल्या. हे गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते. मी आधी "अहो, बसा!" म्हणून ओरडले, पण ऐकतात कुठले?

"फ्लॅट माझ्या नावावर आहे," हे वरून म्हणाले. "सभासद मी. या कामात मी मत देणार नाही, आमच्या घरातलं कुणीच देणार नाही. लिहून घ्या पाहिजे तर. पण माझ्या बायकोनं जन्मभर खरेदीच केली आहे. तिला बोलू तरी द्या. ऐकायचं का नाही ते तुम्ही ठरवा."

मग खाटेवरून तळमजल्याचे दोस्त म्हणाले, "बोला वैनी. आमी ऐकतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी माझं कौतुक कधी शेजारच्या खोलीतूनही केलं नव्हतं. आणि आता केलं ते चार मजल्यांवरून, सगळ्या बिल्डिंगदेखत. माझे कान तापले. चेअरमनांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली, पण मी उभीच राहिले.

मी म्हणाले, "आधी आपल्याला काय हवंय ते एका वाक्यात ठरवा. मला विचाराल तर, काठी टेकणारा माणूस रस्त्यावरून आपल्या घरात एकही पायरी न चढता गेला पाहिजे. हे वाक्य पाकिटावर लिहा आणि मग बघा तिघं एकाच कामाचे दर देतात का नाही. दुसरं, काम फोडू नका. खड्डा, सांगाडा, लिफ्ट, परवानगी, सगळं एकाच्या गळ्यात घाला."

चेअरमन लगेच म्हणाले, "मग तो डोक्यावर बसेल. एकेका बाबीत आपण दर पाडू शकतो ते जाईल."

"जाऊ दे की! पूर्ण कामाला पूर्ण काम भिडवा. कंपनीत तीन ठेकेदारांच्या भांडणात पडायला आमच्याकडे वेगळं खातं होतं, तिथली माणसं त्याचाच पगार घ्यायची. इथे कोण पडणार? तुम्ही तर लेकीच्या बाळंतपणाला बंगलोरला निघालात."

लोक हसले. चेअरमनही हसले, पण मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, आणि मी मान्य करते, तो विचारायलाच हवा होता. "वहिनी, दारापर्यंत न्यायची तर सगळ्यांच्या खिशाला जास्त बसणार. ते एका घरासाठी का?"

माझ्याकडे उत्तर होतं. पण माझ्या तोंडी ते शोभणारच नव्हतं. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून चेअरमनांची बायको म्हणाली, "अहो, रोज रात्री माझ्याकडून गुडघ्याला तेल चोळून घेता ते कुणाच्या घरासाठी?"

सभा फुटलीच. इतकं हसले लोक की रस्त्यावरची माणसं गेटमधून डोकावली. चेअरमन लाजून लाल झाले. मग दुसऱ्या मजल्यावरची बाळंतीण म्हणाली, बाबागाडी अर्ध्या जिन्यावर सोडू का? कुणी सिलिंडरचं बोललं, कुणी स्वतःच्या आईचं. हात वर झाले. आमच्या घराचा हात खालीच होता, वरच्या गॅलरीतलाही. ठराव मंजूर झाला आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा चेअरमनांच्या हातून पेढा घेतला.

पण थेरगाव आहे हे, इथे खड्डा मारायचा म्हणजे गावाला विचारल्याशिवाय होत नाही. दोस्तांनी खाटेवरूनच जाहीर केलं, "लिफ्ट कुणाची बी आणा. खड्डा मातूर माझ्या पुतण्याचा जेसीबी मारंल. या मातीत दुसऱ्याचं मशीन लागलं न्हाई कधी." ह्यांचा जिवलग दोस्त, त्याला नाही कसं म्हणणार? आणि हो म्हणावं तर खड्डा एकाचा, मनोरा दुसऱ्याचा, म्हणजे पुन्हा तेच. उद्या खड्ड्यात पाणी झिरपलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. मी डोकं लढवलं. म्हणाले, "भावजी, जेसीबी तुमच्याच पुतण्याचा. पण त्याला कामावर ठेवणार ठेकेदार. पैसे तो देणार, हुकूम त्याचा." दोस्तांनी विचार केला. "मंजी मान आमचा, शिव्या त्याला?" "व्हय," मी म्हणाले. ते खूश झाले. पाकिटावर तशी अट घातली.

पाकिटं मागवायच्या आधी मी आणखी एक हट्ट धरला. ज्यानं जुन्या इमारतीला लिफ्ट लावून दाखवली आहे त्यालाच पाकीट द्यायचं, आणि ती लिफ्ट आपण जाऊन बघायची. म्हणून चेअरमन आणि मी बसनं पिंपरी कॅम्पात गेलो. खाली कापडाची दुकानं, वर जुनी इमारत, बाहेरून लावलेली लिफ्ट. चेअरमन आधी कोरड्या चेहऱ्यानं आत शिरले. वर गेले, खाली आले. पुन्हा वर गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा चौथ्या मजल्यावरची बाई दार उघडून म्हणाली, "कुणाकडे आलात?" मग तिनं आत बोलावून चहा दिला. मी एकच विचारलं, "ठेकेदार बोलावलं की येतो का?" ती म्हणाली, "दिवाळीत बंद पडली होती. फराळाच्या ताटावरून उठून आला." परत येताना बसमध्ये चेअरमनांनी खिशातून आपल्या तक्त्याचा कागद काढला. मग म्हणाले, "वहिनी, हे तक्त्यात कुठे लिहायचं?" मी म्हणाले, "वरच्या ओळीत." दोघंही हसलो. माणूस वाईट नव्हताच हो.

या वेळी तिन्ही पाकिटांत एकच काम होतं, एकाच बाजूला. बघितल्या बघितल्या कुणाला द्यायचं ते कळलं, आणि तो कॅम्पातला लिफ्टवालाच निघाला. नारळ फुटला. पुतण्या थाटात जेसीबी घेऊन आला, पुढच्या काचेला हार घातलेला. आणि मशीन कंपाउंड आणि इमारतीच्या मधल्या गल्लीत शिरेचना! मागे घेतलं, तिरकं घेतलं, आरसा घासला. एवढी भांडणं, एवढी अट, आणि बोळाचं माप कुणी घेतलंच नव्हतं, मीही नाही. शेवटी मशीनला हळदकुंकू लावून मान दिला आणि खड्डा माणसांनी कुदळीनं मारला. दोस्त खाटेवरून म्हणाले, "नारळ तर आमच्याच मशीनवर फुटला." 

काम सुरू झालं आणि गॅलरीतली खुर्ची आपोआप बाहेर गेली. ती कुणी नेली ते मी विचारलं नाही. आमच्या ह्यांनी जन्मभर रंगखात्यात काढलेली, ते लोखंडाला उघडं कसं बघतील? वेल्डरनं जोड मारला की वरून आरोळी यायची, "गंज काढ आधी! प्रायमर दोन हात मार!" पोरं वैतागायची. ठेकेदार म्हणाला, "काकू, काकांना आमच्याकडे नोकरी देऊ का?" मी म्हणाले, "घेऊनच जा." धूळ, आवाज, पाण्याची बोंब, परवानगीच्या फेऱ्या, नाकी नऊ आले. पण खालून पुन्हा हाक येत होती आणि वरून उत्तर जात होतं, त्यापुढे मला बाकी कशाचं काही वाटलं नाही.

लिफ्ट चालू झाली त्या दिवशी सकाळी हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. खाली फीत, पेढे, चेअरमनांचं भाषण, सगळी तयारी. मी साडी बदलायला आत जाणार तर हे म्हणाले, "तू येऊ नको."

"अहो, का?"

"मला एकट्याला जाऊ दे."

मला राग आला. एवढं सगळं मी केलं आणि मलाच येऊ नको? तोंडावर शब्द आला होता, पण ह्यांचा चेहरा बघितला आणि गिळला. काठी टेकत हे पॅसेजच्या टोकाला गेले, त्या छोट्या पुलावरून आत शिरले, बटण दाबलं. दरवाजा बंद झाला. मी धावत गॅलरीत आले आणि कठडा धरून उभी राहिले.

खाली टाळ्या झाल्या. हे अंगणात आले. चेअरमनांनी माईक पुढे केला, ह्यांनी हात जोडले आणि तसेच पुढे चालायला लागले. कुणी पेढ्याचा बॉक्स धरला, ह्यांनी चालता चालता एक उचलला. दोस्त खाटेवरून उठले आणि काहीतरी म्हणाले, ह्यांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली, पण थांबले नाहीत. गेटातून बाहेर पडून चौकाच्या दिशेला वळले. हळूहळू चालत होते, पण एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि वर तर नाहीच नाही. रिक्षांच्या आड गेले आणि दिसेनासे झाले. मी तिथेच उभी राहून हुंदके देत होते आणि हसत होते, शेजारीण घाबरून बघत होती.

मग वाट बघायला लागले. फोन घरीच विसरलेला. जेवायची वेळ झाली, टळली. दोस्तांना खाली विचारलं, त्यांनाही माहीत नाही. आता मात्र मी पेटले. पहिल्याच दिवशी हे! पडले असतील, रस्ता ओलांडताना काही झालं असेल, नाही नाही ते मनात यायला लागलं. काय काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं. लिफ्टचा आवाज आला, दार उघडलं, आणि हे आत आले. घामेजलेले, शर्टावर चहाचा डाग.

"अहो, होतात कुठे इतका वेळ?" मी कडाडले.

"बाहेर गेलो होतो," हे म्हणाले, आणि हात धुवायला आत गेले.